नकाशावरची रेघ आणि सीमेवरची रांग

"तुमच्याकडून रेल्वे थेट युरोपला जाणार म्हणे!" भावाचा फोन आला की हा विषय निघतोच. 9 सप्टेंबर 2023 रोजी दिल्लीच्या जी-20 परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर जाहीर झाला: भारतातून जहाजाने अमिरातीत, तिथून रेल्वेने सौदी आणि जॉर्डनमार्गे इस्राएलच्या हैफा बंदरापर्यंत, पुढे जहाजाने युरोपला. तेव्हापासून घरी एकच चर्चा: चीनला शह बसला की नाही.

मी अबू धाबीत मालवाहतुकीच्या कागदपत्रांचं काम करतो. कॉरिडॉर म्हटलं की मला घुवैफातचं नाकं आठवतं, सौदीच्या सीमेवरचं. ट्रकच्या सावलीत चटई टाकून ड्रायव्हर बसलेला असतो. पॅकिंग लिस्टमधलं वजन आणि प्रत्यक्ष वजन जुळलं नाही की कंटेनरचं सील तोडतात, माल उतरवतात, आणि त्याचा दिवस तिथेच जातो.

अमिरातीतलं सुमारे 900 किलोमीटरचं मालगाड्यांचं जाळं 2023 मध्ये पूर्ण झालं. जॉर्डनमधून हैफापर्यंत मात्र सलग रूळ नाहीत. कॉरिडॉरच्या सामंजस्य करारावर जॉर्डन आणि इस्राएल यांच्या सह्याही नव्हत्या, आणि महिन्याभरात गाझाचं युद्ध पेटलं. शिवाय मोठ्या जहाजावर वीस हजारांहून जास्त कंटेनर मावतात, एका मालगाडीवर काहीशे. सुएझची जागा ही रेल्वे घेणार नाही. पण तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा औषधांसारख्या घाईच्या मालाला दुसरी वाट असती तर किती बरं झालं असतं! म्हणून हा मार्ग मला मनापासून हवा आहे.

आणि म्हणूनच पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची गोष्ट खुपते. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने 1998 मध्ये नाकारलेलं हे बंदर 2024 मध्ये 76,220 कोटींच्या खर्चासह मंजूर झालं, आणि त्याच्या फायद्यांत या कॉरिडॉरचंही नाव घेतलं गेलं. ज्या मच्छीमारांचा समुद्र जाणार, त्यांना या वाटेने किती माल येणार आणि कधी, याचा हिशेब सरकारने आधी द्यायला हवा. तो मागणाऱ्याला विकासविरोधी म्हणणं अन्याय आहे.

सीमेवरचं काम मात्र रुळांची वाट न बघता सुरू करता येईल. भारत 2017 मध्ये टीआयआर या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या करारात आला. त्यात सीलबंद माल मधल्या देशांत सहसा न उघडता पुढे जातो. तशीच खात्रीची सोय या रेल्वेच्या कंटेनरला हवी. भावाला म्हटलं, "न्हावा शेवाला लावलेलं सील हैफापर्यंत तसंच राहील, असं या देशांनी लिहून दिलं की लगेच मला कळव."