व्हिएतनामचं युद्ध क्रॉन्काइटने हरवलं नाही

डॅलसला वीसेक वर्षं राहणाऱ्या आमच्या आतेभावाने, म्हणजे दादाने, परवा घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. मूळ लेखक कुणी निवृत्त अमेरिकन गृहस्थ, पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह. सारांश असा: व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्य एकही लढाई हरलं नाही. पुढाऱ्यांनी सैन्याचे हात बांधले. टेटची लढाई (१९६८ च्या व्हिएतनामी नववर्षाला कम्युनिस्टांनी केलेला मोठा हल्ला) जिंकलेली असताना टीव्हीवर वॉल्टर क्रॉन्काइट या नामवंत वृत्तनिवेदकाने तिला पराभव ठरवलं. हिप्पींनी परतलेल्या जवानांच्या तोंडावर थुंकलं. शेवटी काँग्रेसने (तिकडची काँग्रेस, आपली नव्हे) पैसे तोडले आणि सायगाव, म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी, कम्युनिस्ट उत्तरेच्या हाती पडलं. खाली दादाची टीप: ‘प्रत्येक देशप्रेमी माणसाने वाचावं.’

दादाशी वाद घालून उपयोग नसतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण आठवडाभरात हाच मजकूर आणखी दोन ठिकाणांहून आला, म्हणून लिहायला बसलो.

ही गोष्ट नवी नाही. ३ नोव्हेंबर १९६९ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन देशाला उद्देशून बोलताना म्हणाले होते की उत्तर व्हिएतनाम अमेरिकेचा पराभव किंवा मानहानी करू शकत नाही, ते फक्त अमेरिकन माणसंच करू शकतात. ऑगस्ट १९८० मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत शिकागोला माजी सैनिकांपुढे रेगन यांनी या युद्धाला ‘उदात्त कार्य’ म्हटलं, आणि सरकारला जिंकू द्यायची भीती वाटते अशा युद्धात पोरांना पुन्हा कधी मरायला पाठवायचं नाही, असं सांगितलं. निक्सनचं वाक्य नीट वाचा. हरवणारे अमेरिकन, हरणारेही अमेरिकन. ज्यांच्याशी लढाई चालली होती त्यांना त्यात जागाच नाही. दादाच्या मजकुरातही तेच. हजारभर शब्दांत एकाही व्हिएतनामी माणसाचं नाव नाही, अगदी ज्यांच्या बाजूने लढायचं होतं त्यांचंही नाही.

आता एकेक मुद्दा घेऊ.

‘एकही लढाई हरलो नाही.’ अक्षरशः घेतलं तर हे खरं नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये लांग वेईचा स्पेशल फोर्सेसचा तळ उत्तर व्हिएतनामने रणगाडे घालून घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात खाम दुक सोडून पळावं लागलं. पण हे अपवाद धरू. मोठ्या लढायांमध्ये अमेरिकेची तोफ आणि विमानं भारी पडली, हे मान्य. प्रश्न असा आहे की जिंकलो म्हणजे काय झालं?

२ जानेवारी १९६३ ची आप बाकची लढाई घ्या. मेकाँगच्या भातखाचरांत साडेतीनशेच्या आसपास व्हिएतकाँग (दक्षिणेतले कम्युनिस्ट गनिम), आणि समोर त्यांच्या कितीतरी पट दक्षिणेचं सैन्य, दिमतीला अमेरिकन सल्लागार, हेलिकॉप्टरं, चिलखती गाड्या. दिवसभरात पाच हेलिकॉप्टरं गेली. रात्री व्हिएतकाँग गुपचूप निसटले. दुसऱ्या दिवशी अमेरिकन जनरल हार्किन्स यांनी विजय जाहीर केला, कारण ठरलेलं गाव ताब्यात आलं होतं. गाव रिकामं होतं, ही गोष्ट निराळी. सहा वर्षांनी, मे १९६९ मध्ये, ९३७ मीटर उंचीच्या एका डोंगरावर तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. दहा दिवस चढाईवर चढाई, चिखल, घसरण. जवानांनीच त्याला ‘हॅम्बर्गर हिल’ म्हणजे खिम्याचा डोंगर असं नाव दिलं. २० मे ला माथा सर झाला आणि काही दिवसांत सैन्य खाली उतरलं, कारण तिथे राहून करायचं काहीच नव्हतं. या दोन्ही लढाया ‘जिंकलेल्या’च्या यादीत आहेत.

एप्रिल १९७५ मध्ये उत्तरेच्या राजधानीत, हॅनॉईत, अमेरिकन कर्नल हॅरी समर्स समोरच्या व्हिएतनामी कर्नलला म्हणाले, रणांगणावर तुम्ही आम्हाला कधीच हरवलं नाही. त्याने थोडा विचार केला आणि उत्तर दिलं: असेल, पण त्याचा इथे काही संबंध नाही. हा किस्सा समर्स यांनी स्वतःच लिहून ठेवलाय, आणि ते काही हिप्पी नव्हते.

‘हात बांधले होते.’ आपल्याकडे याला नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगणसुद्धा लहान नव्हतं. एप्रिल १९६९ मध्ये तिथे ५ लाख ४३ हजार अमेरिकन सैनिक होते. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया मिळून सत्तर लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले, म्हणजे सगळ्या दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने टाकले त्याच्या तिपटीहून अधिक. त्यातले सर्वांत जास्त दक्षिण व्हिएतनामवर, म्हणजे ज्याला वाचवायला आलो त्याच्याच शेतांवर आणि गावांवर. बांधलेल्या हातांनी हे केलं असेल तर मोकळ्या हातांचं चित्र डोळ्यांपुढे न आणलेलंच बरं.

उत्तरेत जमिनीवरून घुसायचं नाही, ही मर्यादा मात्र खरी होती. तिचं कारण भित्रेपणा नव्हे, कोरिया. १९५० मध्ये अमेरिकन फौजा चीनच्या सीमेवरच्या यालू नदीकडे सरकल्या आणि लाखो चिनी सैनिक अंगावर आले. व्हिएतनाममध्येही १९६५ पासून चीनचे विमानविरोधी तोफखाने आणि रेल्वे-रस्ते दुरुस्त करणाऱ्या पलटणी उत्तरेत होत्याच, एकूण तीन लाखांच्या वर. शिवाय पुढे बाकीच्या गाठी एकेक करून सुटल्या. १९७० मध्ये कंबोडियात सैन्य घुसलं. १९७१ मध्ये अमेरिकन विमानांच्या छत्राखाली दक्षिणेची फौज लाओसमध्ये शिरली आणि मार खाऊन परत आली. मे १९७२ मध्ये उत्तरेच्या हायफाँग बंदरात सुरुंग पेरले गेले, डिसेंबरात हॅनॉईवर बी-५२ बॉम्बफेकी विमानं गेली. आणि जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारात अमेरिकेने उत्तरेचं दीडेक लाख सैन्य दक्षिणेत आहे तिथेच राहू देण्याला मान्यता दिली. सही निक्सनच्या सरकारची होती.

आता क्रॉन्काइट. मजकुराचा जीव या मुद्द्यात आहे.

टेटमध्ये व्हिएतकाँगचं कंबरडं मोडलं, हे खरंच आहे. ३०-३१ जानेवारी १९६८ ला शंभरावर शहरांत आणि गावांत त्यांनी एकदम हल्ले केले. लोक उठाव करतील ही त्यांची अपेक्षा होती. उठाव झाला नाही आणि माणसं बेसुमार मेली. वार्ताहरांच्या चुकाही झाल्या. सायगावच्या दूतावासाच्या आवारात शिरलेले हल्लेखोर इमारतीतच घुसले अशी बातमी सुरुवातीला अमेरिकेत गेली, ती चुकीची होती. इथपर्यंत दादाचं बरोबर.

पण अमेरिकन माणूस हबकला का? दोनच महिने आधी, २१ नोव्हेंबर १९६७ ला, सेनापती वेस्टमोरलंड वॉशिंग्टनच्या प्रेस क्लबात सांगून गेले होते की शेवट आता नजरेच्या टप्प्यात येतोय. ज्याचा शेवट दिसतोय तो शत्रू एका रात्रीत शंभर ठिकाणी उगवतो आणि हुएसारख्या शहरात जवळजवळ महिनाभर ठाण मांडतो, तेव्हा लोक टीव्हीला दोष देतील की सेनापतीला? आणि टेटच्या आधीच, ऑक्टोबर १९६७ च्या गॅलप जनमत चाचणीत, हे युद्ध चूक होती म्हणणारे ४७ टक्के होते आणि नव्हती म्हणणारे ४४. क्रॉन्काइट तोंड उघडण्यापूर्वी चार महिने.

त्याचं ते प्रसिद्ध निवेदन २७ फेब्रुवारी १९६८ चं. आपण कोंडीत रुतलोय, असं तो म्हणाला. ‘हरलो’ म्हणाला नाही. ते पाहून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन टीव्ही बंद करत उद्गारले की क्रॉन्काइट गेला म्हणजे सामान्य अमेरिका गेली, असं मजकुरात आहे. जॉन्सन त्या संध्याकाळी टीव्हीसमोर नव्हतेच. ते टेक्सासमध्ये ऑस्टिनला, गव्हर्नर कॉनलींच्या वाढदिवसाच्या समारंभात होते. त्या उद्गाराला पक्का पुरावा कुणाला मिळालेला नाही.

त्याच तारखेचा एक वेगळा कागद मात्र पुराव्यानिशी आहे. सैन्यदलांचे प्रमुख जनरल व्हीलर सायगावला पाहणीसाठी गेले होते, आणि २७ फेब्रुवारीच्याच त्यांच्या अहवालात आणखी २ लाख ६ हजार माणसांची मागणी होती. टेटमध्ये जिंकलो ना? मग पाच लाखांवर आणखी दोन लाख कशाला? नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड युद्धाच्या बाजूचे म्हणूनच आणलेले. त्यांनी सेनाधिकाऱ्यांना बसवून साधे प्रश्न विचारले. एवढी माणसं दिली तर पुरतील का? सांगता येत नाही. किती वर्षं लागतील? सांगता येत नाही. जिंकण्याची योजना काय? शत्रू थकेपर्यंत दाबत राहायचं. क्लिफर्ड यांचं मत तिथे फिरलं. ३१ मार्चला जॉन्सननी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. वॉशिंग्टनमध्ये हवा बदलली ती या बंद खोलीत, आणि तिथे एकही वार्ताहर बसलेला नव्हता.

अमेरिकन लष्कराच्याच इतिहास विभागाने पुढे वर्तमानपत्रं, टीव्ही आणि हे युद्ध यांचा सविस्तर अभ्यास छापला. निष्कर्ष असा की जनमत वार्तांकनाने नव्हे, मृतांच्या आकड्याबरोबर खाली गेलं. कोरियाच्या युद्धातही ते असंच घसरलं होतं. तिथे ना दिवाणखान्यात टीव्हीवरचं युद्ध होतं, ना हिप्पी.

हिप्पींचं थोडक्यात. कुणीच कुणावर थुंकलं नसेल असं मी म्हणणार नाही. देश मोठा आहे. पण स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेल्या एका समाजशास्त्रज्ञाने त्या काळचा पुरावा शोधला, तेव्हा खात्रीलायक असं काही हाती लागलं नाही. आठवणी पुष्कळ, पण नंतरच्या. आणि एप्रिल १९७१ मध्ये आपली पदकं कॅपिटलच्या पायऱ्यांवर भिरकावणारे शेकडो लोक कॉलेजकुमार नव्हते, परतलेले जवानच होते. चाचण्यांत तर तिशीच्या आतले लोक पन्नाशीच्या पुढच्यांपेक्षा युद्धाच्या जास्त बाजूने होते. अभिनेत्री जेन फोंडा हॅनॉईत विमानविरोधी तोफेवर बसून फोटो काढून आली, त्याची चीड मात्र मला समजते.

राहिले पैसे. मजकुरातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच. १९७३ मध्ये काँग्रेसने इंडोचायनातल्या पुढच्या अमेरिकन लष्करी कारवाईवर बंदी घातली, पुढच्या वर्षी मदतीला कात्री लावली, आणि दक्षिणेच्या सैन्याला इंधन आणि दारूगोळा जपून वापरावा लागला. उत्तरेला मात्र मॉस्को आणि बीजिंग देत राहिले. सायगाव पडल्यावर पुनर्शिक्षण छावण्या आल्या, लाखो लोक होड्यांतून पळाले, कित्येक समुद्रात बुडाले. हे कुणी झाकू नये.

पण त्या बंदीच्या ठरावावर पहिलं नाव कुणाचं? न्यू जर्सीचे सेनेटर क्लिफर्ड केस, रिपब्लिकन. मतं पडली सेनेटमध्ये ६४ विरुद्ध २६, हाउसमध्ये २७८ विरुद्ध १२४. एवढं बहुमत हिप्पींच्या जोरावर मिळत नसतं. आणि त्याआधी, ३ ऑगस्ट १९७२ ला, व्हाइट हाउसच्या टेपवर सुरक्षा सल्लागार किसिंजर निक्सनना सांगताना ऐकू येतात की एक-दोन वर्षं टिकेल असं काहीतरी सूत्र शोधायला हवं, वर्षभराने व्हिएतनामकडे कुणी बघणारही नाही. दक्षिणेचं आयुष्य मोजायला घेतलं ते इथे, काँग्रेसच्या मतदानाच्या दहा महिने आधी.

मार्च १९७५ मध्ये मध्य पठारावरचं बान मे थुओत शहर पडलं आणि दक्षिणेचे अध्यक्ष थ्यू यांनी सेनापतींना बोलावून ते पठार सोडायचा हुकूम दिला. धड योजना नाही, लोकांना सूचना नाही. एका मोडक्या जंगलरस्त्याने सैन्य आणि सैनिकांची बायकामुलं एकत्रच निघाली, आणि सैन्याचा जमाव झाला. पन्नास दिवसांच्या आत सगळं संपलं. हे थ्यू १९७१ च्या अध्यक्षीय निवडणुकीत एकटेच उमेदवार होते. त्यांच्या आधी, १९६३ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष झिएम यांच्या खुनानंतर, सायगावात बंडामागून बंडं झाली. खेड्यातल्या कुळाने या सरकारसाठी मरावं का, याचं उत्तर पैशाने मिळणारं नव्हतं.

आपल्याकडेही व्हिएतनामवर एक फॉरवर्ड फिरतो. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी म्हणे शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून अमेरिकेला हरवलं. त्याला कसलाही आधार नाही, पण छाती फुगते म्हणून सगळे पुढे ढकलतात. अमेरिकन म्हणतो आम्हीच आम्हाला हरवलं, आपण म्हणतो आमच्या महाराजांनी हरवलं. १९५४ मध्ये फ्रेंचांना हरवताना दिएन बिएन फूला तोफांचे सुटे भाग दोरखंडांनी डोंगरावर ओढणारा आणि दोन-दोन क्विंटल माल सायकलवर लादून ढकलत नेणारा माणूस दोन्हीकडे गायब.

२७ मे १९६४ ला जॉन्सन फोनवर सल्लागार मॅकजॉर्ज बंडींशी बोलत होते. टेप उपलब्ध आहे. यासाठी लढण्यात अर्थ आहे असं मला वाटत नाही, आणि आपल्याला बाहेर पडता येईल असंही वाटत नाही, असं ते म्हणाले. तेव्हा ना मोर्चे होते, ना क्रॉन्काइटचं निवेदन, ना कापलेला निधी.

दादा, गेल्या वर्षी तू वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या त्या काळ्या भिंतीपुढे उभं राहून फोटो टाकला होतास. दगड बंगळूरकडचा आहे, माहीत होतं का? अठ्ठावन्न हजारांवर नावं, मृत्यूच्या तारखेप्रमाणे. मधल्या कोपऱ्यातून सुरू होऊन उजवीकडे जातात, उजवं टोक संपलं की डाव्या टोकापासून पुन्हा मध्याकडे येतात. जॉन्सनचा तो फोन उजवीकडच्या पहिल्याच फळीच्या काळातला. उजवी बाजू संपते मे १९६८ ला, जॉन्सननी हात टेकल्याला तेव्हा दोन महिने होत आले होते. पुन्हा गेलास तर डाव्या बाजूने चालत ये.