तीन मीटरांच्या फटीत ऊन कोठून येणार?

गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने घरच्या व्हॉट्सॲप गटावर ‘झोपडपट्टी पुनर्वसनाचे कटू सत्य’ असा एक लांबलचक संदेश पाठवला. मुंबईतल्या लाखो झोपडीवासीयांना सरकारने फुकट पक्की घरे दिली, तरी त्या इमारतींत क्षयरोग पसरतो तो राहणाऱ्यांच्या सवयींमुळे, इमारतीच्या रचनेचा त्याच्याशी काही संबंध नाही; सिंगापूरनेही हेच केले आणि तेथे कोणी तक्रार केली नाही; अंगण आणि ओटा हवा म्हणणे ही चैन आहे; आणि अखेर ही मंडळी घर विकून पुन्हा झोपडीतच जातात, असा त्याचा मथितार्थ. मावशी कठोर मनाची मुळीच नाही. तिच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई अशाच एका पुनर्वसन इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, आणि त्यांच्या मुलीचा क्षयाचा औषधोपचार चालू होता तेव्हा तिच्या दूध-अंड्यांचा खर्च मावशीनेच केला. अशा बाईलाही हा मजकूर पटावा आणि तिने तो पुढे पाठवावा, याचा मला संताप आला, म्हणून हे उत्तर.

सवयींचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत घातक आहे. ‘हे लोक खिडक्यासुद्धा उघडत नाहीत, मग हवा कशी खेळणार?’ असे संदेशात विचारले आहे. ताईंच्या घरी मी गेलो आहे. भर दुपारी बारा वाजता स्वयंपाकाच्या ओट्यावरचा दिवा लावल्याशिवाय तेथे तांदळातले खडे दिसत नाहीत. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीतल्या बिऱ्हाडाची खिडकी जवळजवळ हाताशी येते, खाली सांडपाण्याच्या गळक्या नळांचे पाणी आणि वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा साचलेला असतो, आणि त्या अरुंद फटीत वारा शिरतच नसल्यामुळे घरात येते ती केवळ दुर्गंधी आणि डास. अशी खिडकी कोण उघडी ठेवील? वरून कचरा टाकणे चूकच आहे, हे मान्य. पण कचरा उचलला तरी समोरची भिंत मागे सरकत नाही.

हा केवळ माझा अनुभव म्हणून सोडून देता येणार नाही. आयआयटी मुंबईतील संशोधक आणि ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचे डॉक्टर यांनी मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या दोन वसाहतींत इमारतींमधले अंतर जेमतेम ३ मीटर आहे; तिसऱ्या, पीएमजी कॉलनीत, इमारती एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण आठ ते दहा टक्क्यांच्या घरात आढळले, तर तिसरीत ते एक टक्क्याच्या आसपास होते. खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा किती पोचतो याचाही त्यांनी अभ्यास केला, आणि तेथली स्थिती सर्वांत वाईट निघाली. गरिबी, कुपोषण आणि एका खोलीतली दाटी यांचाही क्षयात वाटा असतो, हे कोणी नाकारत नाही. परंतु पीएमजी कॉलनीत काही श्रीमंत राहत नाहीत. शहराच्या त्याच कोपऱ्यात तशाच कष्टकरी कुटुंबांमध्ये एवढी तफावत दिसते, तेव्हा तिचे खापर ‘सवयी’ या एका शब्दावर फोडणाऱ्याने निदान एवढे सांगावे की सवयी एका फाटकापाशी संपून दुसऱ्या फाटकापाशी कशा सुरू होतात.

अधिक चीड येते ती यामुळे की हे ज्ञान मुंबईला नवे नाही. १८९६ मध्ये प्लेगने शहराची दैना केल्यानंतर, १८९८ मध्ये, शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टच्या जे. पी. ऑर या अध्यक्षांनी उजेडाच्या कोनाविषयीच्या ६३.५ अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. त्या नियमाचा अर्थ साधा आहे: इमारतीच्या उंचीच्या किमान निम्मे अंतर समोर मोकळे हवे, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाश दिसते. हाच हिशेब आज लावला तर २४ मीटर उंच इमारतीसमोर १२ मीटर जागा सोडावी लागेल. नटवर पारेख आणि लल्लूभाईत आपण सोडले ३ मीटर. ट्रस्टने गरिबांची घरे पाडून त्यांना पुरेशी घरे दिली नाहीत, हा त्याच्यावरचा आरोप खराच आहे. पण उजेडाचे गणित त्याला कळत होते. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनासाठी शहराच्या बांधकामविषयक विकास नियंत्रण नियमावलीत ३३(१०) ही तरतूद आली, तिच्यात मोकळ्या जागेचे निकष सैल केले गेले आणि दर हेक्टरी किमान ५०० घरे बसवण्याची अट घातली गेली. किमान, हे पुन्हा वाचावे. माणसे किती दाटीने राहू नयेत याची मर्यादा घालण्याऐवजी किती दाटीने राहिलीच पाहिजेत याची मर्यादा नियमाने घातली. ही सवय रहिवाशांची नव्हे.

‘फुकट’ या शब्दाबद्दल थोडक्यात. १९९५ पासूनच्या या योजनेत विकासकाला पुनर्वसनाच्या बदल्यात विक्रीसाठी बांधकामाचे क्षेत्र मिळते आणि घरांचा खर्च त्या विक्रीतून निघतो. रहिवाशांनी वसवलेल्या जमिनीच्या किमतीतूनच हा सारा व्यवहार उभा राहतो. शिवाय नटवर पारेख आणि लल्लूभाई येथे आलेल्या अनेकांनी घर मागितलेच नव्हते. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी त्यांच्या वस्त्या हटवल्या गेल्या.

सिंगापूरचे उदाहरण अर्धेच सांगितले आहे. १९६० मध्ये तेथे गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि त्याने उंच इमारती बांधून झोपड्या हटवल्या, हे खरे. मात्र त्या मंडळाने अनेक इमारतींचा तळमजला मोकळा ठेवला, जेथे शेजारी बसतात, लग्ने लागतात आणि अंत्यविधीसाठीही लोक जमतात. अंगण-ओट्याला चैन म्हणणाऱ्या संदेशाने नेमके हेच गाळावे, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. धारावीच्या कुंभारवाड्यात घरासमोरची जागा म्हणजे माती मळण्याची, मडकी वाळवण्याची आणि भट्टी लावण्याची जागा असते. सातव्या मजल्यावरच्या इवल्याशा घरात भट्टी लागत नाही, आणि तिच्याबरोबर धंदा आणि शेजारही जातो. ‘या लोकांना परिसराची आस्था नसते’ असेही एक वाक्य संदेशात आहे. नटवर पारेखच्या रहिवाशांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवंडी कला महोत्सवात आपल्याच वसाहतीच्या भिंती आणि गल्ल्या कशा उजळल्या, हे लिहिणाऱ्याने पाहिलेले दिसत नाही.

घरे विकून किंवा भाड्याने देऊन काही कुटुंबे निघून जातात, हे मात्र मी नाइलाजाने मान्य करतो. तसे घडते, आणि काही जण केवळ पैशासाठीही करतात. पण बंद पडलेल्या लिफ्टच्या दुरुस्तीचा आणि पाण्याच्या पंपाचा खर्च परवडत नाही, कामाचे ठिकाण दोन गाड्या बदलून गाठावे लागते आणि मूल वारंवार आजारी पडते, तेव्हा निघून जाणाऱ्यांना कृतघ्न ठरवण्याआधी ते काय सोडून जात आहेत ते पाहायला हवे. घरातला स्वतंत्र संडास ही या योजनेची खरी देणगी आहे आणि ताईंसारख्या बायका ती मोलाची मानतात. त्या देणगीच्या बदल्यात उजेड काढून घेण्याचे कोणतेही तांत्रिक कारण नाही.

मावशीच्या सोसायटीचाही पुनर्विकास व्हायचा आहे. समोरच्या नियोजित टॉवरमुळे आपल्या बाल्कनीतले ऊन जाईल म्हणून तिने आणि शेजाऱ्यांनी वास्तुरचनाकाराकडून सावलीचा नकाशा मागवून घेतला आहे, आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. तसाच नकाशा ताईंच्या इमारतीच्या मंजुरीच्या वेळी कोणी मागितला होता का, एवढे मी तिला विचारले आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही. संदेश मात्र तिने गटावरून काढून टाकला आहे.