हंबनटोटा बंदर चीनने 'जप्त' केलेलं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: 'चीनने श्रीलंकेला मुद्दाम न फिटणारं कर्ज दिलं. हप्ते थकल्यावर हंबनटोटा बंदर जप्त केलं. त्या कर्जानेच देश बुडाला आणि आता तिथे चीनचा नौदल तळ आहे.' आपली पोरं हेच उत्तरपत्रिकेत लिहितात, म्हणून एकेक वाक्य तपासायलाच हवं.

'मुद्दाम दिलं.' हे बंदर चीनला सुचलेलं नाही. 2003 मध्ये कॅनडाच्या एसएनसी-लाव्हालिन कंपनीने आणि 2006 मध्ये डेन्मार्कच्या रॅम्बोल कंपनीने त्याची व्यवहार्यता अभ्यासली होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांना ते आपल्या जिल्ह्यात हवं होतं. आधी भारताला विचारलं होतं, असं ते स्वतः सांगत आले आहेत. चीनच्या सरकारी एक्झिम बँकेचं 30 कोटी 70 लाख डॉलरचं पहिलं कर्ज 2007 चं.

'जप्त केलं.' खरी गफलत इथे आहे. 2017 मध्ये चायना मर्चंट्स पोर्ट या चिनी कंपनीने 112 कोटी डॉलर मोजून 99 वर्षांचा भाडेपट्टा घेतला. ती रक्कम बंदराच्या कर्जात वळती झाली नाही. तिने परकीय गंगाजळीला आधार दिला. एक्झिम बँकेचं कर्ज श्रीलंका सरकारच्या अंगावर तसंच राहिलं. आपल्याकडे सोसायटीचं कर्ज अंगावर असताना शेतकरी जमीन दुसऱ्याला खंडाने देतो, त्याला जप्ती म्हणतो का आपण? विकसनशील देशांतल्या चिनी कर्जांचा अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या राज्यशास्त्रज्ञ डेबोरा ब्राउटिगम हेच सांगतात. त्यांच्या गटाने आफ्रिकेतल्या कर्ज-फेररचनेच्या नोंदीही तपासल्या. थकबाकीपोटी मालमत्ता ताब्यात घेतल्याचं एकही उदाहरण त्यांना सापडलं नाही.

'त्या कर्जानेच देश बुडाला.' सगळी चिनी कर्जं धरली, तरी 2021 अखेर श्रीलंकेच्या परकीय सार्वजनिक कर्जात त्यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा होता. आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा वाटा त्याहून बराच मोठा, आणि ते मुदत संपली की एकदम फेडावे लागतात. त्यात 2019 ची करकपात, कोविडने आटलेलं पर्यटन आणि 2021 ची रासायनिक खतबंदी. करकपात आणि खतबंदी हे निर्णय कोलंबोत झाले. श्रीलंकेला नुसतं भोळं सावज ठरवलं की ते घेणारे राज्यकर्ते अलगद सुटतात, याचा मला राग येतो.

'नौदल तळ.' तिथे श्रीलंकेचंच नौदल आहे. मात्र भारताची काळजी निराधार नाही. ऑगस्ट 2022 मध्ये युआन वांग 5 हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज भारताचा आक्षेप असताना तिथे लागलं. चिनी कर्ज करारांतल्या गोपनीयतेच्या अटीही खऱ्या आहेत. परीक्षेत चीनवर टीका जरूर लिहा; ती या दोन मुद्द्यांवर लिहा.