लग्न झालेल्या बहिणीला हिस्सा नाही, असं सांगणारा तो मेसेज चुकीचा आहे

सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: वडील 2005 च्या आधी वारले असतील तर लग्न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत काहीच मिळत नाही, सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचीच जमीन, भावाने 12 वर्षं कसली की विषय संपला, आणि हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचं लिहून देणं) नुसती नोटरी केली तरी चालते. हे वाचून आमची आत्या मला म्हणाली, "मग सही करून टाकते रे, उगाच वाद कशाला." तेव्हा डोकंच फिरलं, म्हणून लिहितोय.

आधी ते 2005 चं, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतंय. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला सरळ सांगितलंय की हिंदू एकत्र कुटुंबात मुलीचा हक्क मुलासारखाच जन्माने येतो, 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असायलाच हवेत असं नाही. लग्नाचा तर काही संबंधच नाही! ती अट महाराष्ट्राच्या 1994 च्या जुन्या दुरुस्तीतली, त्यात आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, तेच अजून लोकांच्या डोक्यात बसलंय. आणि "काहीच नाही" हे तर 1956 पासूनच खोटं आहे, वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला तेव्हाही मुलाइतकाच हिस्सा होता.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल तर ते आता उकरता येत नाही. पण "आबांनी तोंडी वाटणी केली होती" हे आज उठून सांगायचं आणि बहिणीला बाहेर काढायचं, ते जमणार नाही, त्याच निकालात म्हटलंय की सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तर आणि तेही अपवाद म्हणूनच तोंडी वाटणी मानायची.

बाकीचं थोडक्यात. सातबारा आणि फेरफार महसुलासाठी असतात, त्याने मालकी ठरत नाही. एक हिस्सेदार कसतोय म्हणजे सगळ्यांच्या वतीने कसतोय असंच कायदा धरतो, नुसती 12 वर्षं मोजून बहिणीचा हक्क जात नाही, तिचा हक्क उघडपणे नाकारला होता हे भावाला सिद्ध करावं लागतं. जमिनीची हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे रजिस्टरच करावी लागते.

आणि वाद नकोच असेल तर त्यासाठी हक्क सोडायची गरज नाही. सगळे तयार असतील तर शेतजमिनीचं वाटप महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे होतं, बहिणीच्या हिश्श्यासकट.