‘तुम्ही चोरी शिकवता’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पर्धकांच्या ऑनलाइन जाहिराती कशा वाचाव्यात यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली ‘सातपूरचा एक जुना व्यावसायिक’ अशा सहीने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात देतो. ‘दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय हे बघत बसणाऱ्याचं पोट भरत नाही. तुम्ही नव्या पोरांना चोरी शिकवता आहात. एखादी जाहिरात दोन महिने चालू दिसली म्हणजे ती यशस्वी, हे गणित पोकळ आहे. शिवाय छोट्या दुकानदाराला हे उद्योग करायला वेळ कुठे? त्यापेक्षा स्वतःच्या गिऱ्हाइकाशी बोला म्हणावं.’

साहेब, मतभेदाचं मला वावडं नाही. इथे माझे आकडे खोडून काढणारे, माझी पद्धत जुनी झाली म्हणणारे वाचक येतात, त्यांना मी उत्तरं देतो आणि काहींशी पुढे मैत्रीही झाली आहे. पण ‘चोरी शिकवता आहात’ हे मत नाही, आरोप आहे. ज्यांची कामं मी करतो ते नाशिकच्या कॉलेज रोडचे क्लासवाले, मेन रोडचे कापडवाले, गंगापूर रोडचे लग्नाचे लॉन्सवाले हा ब्लॉग वाचतात. उद्या त्यांच्यापैकी कोणाला शेजारच्या दुकानदाराने ऐकवलं की तुमचा जाहिरातवाला चोऱ्या शिकवतो म्हणे, तर त्याने काय उत्तर द्यायचं? तुम्ही एक ओळ टाकून मोकळे झालात. ती पुसायला मला एवढं लिहावं लागतंय. आणि खरं सांगू का, लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर ही ओळ तुमच्याकडून लिहिली गेली नसती असं मला वाटतं.

मी काय बघायला सांगितलं होतं? मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीची, ॲड लायब्ररी, जिथे तिच्याकडे चालू असलेल्या जाहिराती बघता येतात. ती मी कुठून भिंत फोडून उघडलेली नाही. मेटाने स्वतःच ती सगळ्या जगासाठी खुली ठेवली आहे, तिच्यात जायला फेसबुकचं खातंसुद्धा लागत नाही. अमेरिकेत राजकीय जाहिरातींवरून गदारोळ झाला, त्यातून 2018 साली ही सोय जन्माला आली. पुढच्या वर्षी आपल्याकडे लोकसभेच्या निवडणुकीआधी राजकीय जाहिरातींसाठी ती सोय लागू झाली आणि त्याच वर्षी, 2019 मध्ये, दुकानं, क्लास, बिल्डर अशा सगळ्यांच्या चालू जाहिराती त्यात दिसायला लागल्या. गूगलनेही 2023 मध्ये ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर सुरू केलं. तिथे जाहिरातदाराचं नाव किंवा वेबसाइट टाकली की त्याच्या जाहिराती समोर येतात. कोण कोणाला काय सांगून माल विकतंय हे लोकांना दिसावं, एवढ्यासाठीच या खिडक्या आहेत. उघड्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला चोर म्हणायचं असेल तर रविवार कारंजावर दुकानांच्या पाट्या वाचत जाणारा प्रत्येक माणूस चोर ठरेल.

माझ्या वडिलांचं मेन रोडला रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. दिवाळीच्या आधी ते बाजारात एक फेरी मारायचे. कुठल्या दुकानाने शोकेसमध्ये पुढे काय लावलंय, कोणी लहान मुलांचे कपडे दारात टांगलेत, कोणी ‘फिक्स रेट’ची पाटी लावली आहे, हे सगळं बघून यायचे. पेपरात सरकवून आलेली हँडबिलं ते फेकायचे नाहीत. ‘देशदूत’ आणि ‘गावकरी’मधल्या जाहिराती कापून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं आणि ती कात्रणं एका जुन्या फाइलला टाचलेली असायची. कोणाची जाहिरात त्यांनी उचलली? एकाचीही नाही. उलट एका वर्षी सगळ्यांच्या हँडबिलांवर ‘भव्य सेल’ बघितल्यावर त्यांनी आमच्या हँडबिलावर फक्त एवढंच छापलं, की घेतलेला कपडा अंगाला बसला नाही तर दिवाळीनंतरही बदलून मिळेल. आमच्या लेनमध्ये तेव्हा हे कोणी कागदावर लिहून देत नव्हतं. माणूस सचोटीचा होता, उधारीच्या वहीत कधी एक पैशाची खोट निघाली नाही. त्यांच्याकडून शिकलेली गोष्ट मी आज मोबाइलवर शिकवतो, आणि तुम्ही तिला चोरी म्हणता. हे मला लागलं. ते लपवण्याचं मला कारण दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते जवळून दाखवतो. गंगापूर रोडच्या पुढे एक लॉन्स आहे, नाव देत नाही. मालकांची तक्रार होती की जाहिरातीवर पैसा जातो, फोन येतात, बुकिंग होत नाही. मी आधी त्यांची जाहिरात उघडलीच नाही. लायब्ररीत देश भारत निवडला, सगळ्या प्रकारच्या जाहिराती निवडल्या आणि नाशिकच्या इतर लॉन्सची नावं एकेक करून टाकत गेलो. प्रत्येक जाहिरातीच्या डोक्यावर ती कधी सुरू झाली ती तारीख असते, फेसबुकवर आहे की इन्स्टाग्रामवर ते असतं, एकाच जाहिरातीची अनेक रूपं चालू असतील तर तेही लिहिलेलं असतं. सगळीकडे तेच दिसलं. ड्रोन वरून फिरतोय, खाली झुंबरं आणि दिव्यांच्या माळा, नवरा-नवरी सावकाश चालत येताहेत, शेवटी ‘आजच बुक करा’. नाव झाकलं तर कुठली जाहिरात कोणाची हे त्या मालकांनाही सांगता येईना.

मग त्या इतर लॉन्सच्या पेजवर जाऊन त्याच रीलखालच्या कमेंट्स वाचल्या. खरा माल तिथे होता. ‘रेट काय?’ ‘पर प्लेट किती?’ ‘बाहेरचा केटरर चालतो का?’ ‘जूनमध्ये पाऊस आला तर?’ आणि प्रत्येकाला एकच उत्तर, ‘कृपया इनबॉक्स चेक करा’. म्हणजे गिऱ्हाईक चारचौघांत उघडपणे विचारतंय आणि एकही धंदेवाला उघडपणे सांगत नाही. मे-जूनच्या तिथ्या धरणाऱ्या घरात पावसाची धाकधूक असते हे नाशिकमध्ये लग्न केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. आमच्या या मालकांकडे बंदिस्त हॉल होता, आयत्या वेळी पंगत आत हलवता येत होती, पण त्यांच्याही जाहिरातीत ड्रोनच फिरत होता. आम्ही ड्रोन काढला. हॉलमध्ये लागलेल्या पंगतीचा साधा, मोबाइलवर काढलेला व्हिडिओ घेतला, थाळीचा दर कुठून सुरू होतो तो आकडा वरच लिहिला, केटररबद्दल आणि पार्किंगबद्दल एकेक ओळ टाकली. फोन कमी झाले, हे आधीच सांगतो. पण आता फोन करणारा दर वाचून फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो तारखेचा.

यात मी कोणाचं काय उचललं ते मला दाखवा. ड्रोनची रील उचलली? मजकूर उचलला? दुसऱ्यांनी जे सांगायचं टाळलं ते आम्ही सांगितलं, आणि त्यांनी ते टाळलंय हे त्यांच्या जाहिराती बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. चातुर्मासात लग्नं नसतात, तरी काही लॉन्सच्या जाहिराती आषाढ-श्रावणात सुरू झालेल्या दिसतात. का? तर तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा तेव्हाच धरल्या जातात. हे आमच्या मालकांना अनुभवाने माहीत होतं, पण जाहिरातीचं बजेट मात्र ते मार्गशीर्षात काढत होते.

चोरी कशाला म्हणतात ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ती माझ्याकडे झाली आहे. एका मिठाईच्या दुकानासाठी मी स्वतः काढलेला फोटो, आमच्या ओळीसकट, दुसऱ्या एका व्यावसायिकाने फक्त लोगो बदलून जाहिरातीत चालवला. गिऱ्हाइकाने मला स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा कळलं. मी मेटाकडे कॉपीराइटची तक्रार केली, मूळ फाइल दाखवली, ती जाहिरात उतरली. फोटो, व्हिडिओ, लिहिलेला मजकूर यांना 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण असतं. भारतीय जाहिरात मानक परिषद 1985 पासून आहे, तिच्या संहितेतही दुसऱ्याच्या जाहिरातीची मांडणी, घोषवाक्य, दृश्यं उचलल्यासारखी वाटतील इतकी सारखी नसावीत असं कलम आहे. हे सगळं मी त्याच लेखात लिहिलं होतं. स्पर्धकाच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, त्या क्लिकचे पैसे त्याच्या खिशातून जातात, हेही लिहिलं होतं. गूगलवर आपली जागा बघायला पुन्हा पुन्हा शोधत बसू नका, त्यासाठी गूगल ॲड्सच्या खात्यात ॲड प्रिव्ह्यू आणि डायग्नोसिसचं साधन दिलेलं आहे, त्यात बघितलं तर कोणाच्याही जाहिरातीचा आकडा फुगत नाही, इतकं बारीक सांगितलं होतं. चोरी शिकवणारा माणूस समोरच्याचा एक क्लिक वाया जाऊ नये म्हणून कशाला धडपडेल?

स्पर्धकाचं नाव कीवर्ड म्हणून लावण्याबद्दलही, म्हणजे गूगलवर त्याचं नाव शोधणाऱ्याला आपली जाहिरात दिसावी म्हणून पैसे लावण्याबद्दलही, मी सावधच लिहिलं होतं. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गूगल आणि डीआरएस लॉजिस्टिक्सच्या प्रकरणात ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणं हा त्या मार्कचा वापरच आहे असं म्हटलं, पण गिऱ्हाइकाची दिशाभूल होत नसेल तर तेवढ्याने उल्लंघन ठरत नाही असंही सांगितलं. कायदा इतपत वाव देतो. तरी माझा सल्ला नाशिकच्या दुकानदाराला हाच आहे की ते करू नका. आपलं गाव एवढं मोठं नाही, सकाळी ज्याच्या नावावर बोली लावली तोच संध्याकाळी मिसळीच्या टेबलावर समोर येऊन बसतो.

‘दोन महिने चालू म्हणजे यशस्वी’ याबद्दल. असं मी ठामपणे म्हटलेलं नाही, ‘बहुधा’ लिहिलं होतं, लेख उघडून बघा. आपल्याकडे व्यापारी जाहिरातींचा खर्च लायब्ररीत दिसत नाही, विक्री तर कुठेच दिसत नाही, हे या क्षेत्रातलं शेंबडं पोरही जाणतं. खर्चाचा अंदाजे पट्टा फक्त राजकीय आणि सामाजिक विषयांच्या जाहिरातींना मिळतो. पण पदरचे पैसे घालून कोणी तीच जाहिरात महिनोन्महिने चालू ठेवतो तेव्हा त्याला काहीतरी मिळत असावं, एवढं व्यवहारज्ञान धंदा केलेल्या माणसाकडे असतं. यापुढे यावर वाद घालण्यात मला रस नाही.

वेळेचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे, तो मी मोकळेपणाने मान्य करतो. काउंटरवर एकटा बसणारा माणूस रोज हे करू शकत नाही. त्याने सणाच्या किंवा सीझनच्या आधी एकदा निवांत बसून बघावं, आपल्या धंद्यातली चार-पाच नावं टाकावीत, तेवढं पुरे. गूगलवर जाहिरात चालू असेल तर ऑक्शन इनसाइट्सचा अहवाल आपल्याच खात्यात तयार मिळतो. आपल्याबरोबर कोण कोण बोली लावतंय आणि कोण आपल्या वर दिसतंय ते त्यात आहे, वेगळं शोधायलाही लागत नाही.

आणि ‘स्वतःच्या गिऱ्हाइकाशी बोला’. मी कधी नको म्हटलं? तुमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक तुम्हाला भेटतं. जे तुमच्याकडे न येता पलीकडे गेलं, त्याच्याशी कुठे बोलणार? ते पलीकडच्याच्या जाहिरातीखाली ‘रेट काय?’ विचारत उभं आहे. कुंभमेळ्यासाठी 2027 च्या तोंडावर पंचवटीपासून त्र्यंबकेश्वरपर्यंत लॉजवाले, होमस्टेवाले, गाडीवाले सगळेच जाहिराती चढवतील. तेव्हा बाहेरगावच्या भाविकाला कोण काय सांगतंय हे न बघता ज्याला पैसे घालायचे असतील त्याने जरूर घालावेत. माझ्याकडे येणाऱ्याला मी तसं करू देणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुम्ही सातपूरलाच असाल तर माझं ऑफिस त्र्यंबक रोडला आहे, दुपारी चारनंतर कधीही या. तुमच्या धंद्यातल्या जाहिराती तुमच्यासमोर उघडतो, त्यात तुम्हाला चोरी वाटेल ती जागा बोट ठेवून दाखवा. यायचं नसेल तर निदान तो आरोप मागे घ्या. बाकीच्या मुद्द्यांवर इथे लिहीत राहिलात तरी माझी हरकत नाही.