दोन इंच कमी

भाची म्हणाली, "मामा, तू भेटवस्तू किती छान गुंडाळतोस! माझ्या लग्नाच्या केकला रिबन लावशील?" खोका आणि केक यांत फरक एवढाच, की खोक्याला लोणी सुटत नाही. हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

केक तीन मजली. दहा, आठ आणि सहा इंची. शाळेतल्या गणितातल्या 'पाय'ला (π) इतक्या वर्षांनी नोकरी लागली. घेर आले ३१.४, २५.१ आणि १८.८ इंच, शिवाय जोडासाठी प्रत्येकी एक इंच. पांढरी सॅटिनची रिबन रात्रीच कापली, इस्त्रीही केली. (स्वतःच्या सदऱ्याला मी इस्त्री करत नाही.)

सकाळी तळमजल्याला रिबन गुंडाळली, तर दोन्ही टोकं एकमेकांशी अबोला धरल्यासारखी दोन इंच लांब. मी मोजला होता केकच्या भांड्याचा व्यास. चहूबाजूंनी अर्धा इंच क्रीम थापलं की दहाचे अकरा होतात आणि घेर जातो साडेचौतिसावर! टाचण्या काढल्या, तर ताई कडाडली, "पाहुण्यांच्या घासात टाचणी आली म्हणजे?" शेवटी उरलेल्या रिबनचा भलामोठा बो करून भगदाड झाकलं.

तेवढ्यात सॅटिनवर एक ठिपका उमटला. मग दुसरा. बटरक्रीममधलं लोणी कापडात असं चढत होतं, की थोड्याच वेळात रिबन भज्यांखालच्या कागदासारखी पारदर्शक दिसू लागली.

"आतून बटर पेपरची पट्टी नाही लावलीस?" ताईने विचारलं. उत्तर नावातच होतं!

सगळं सोडवलं. रिबनबरोबर क्रीमही आलं. ते लिंपलं, नव्या रिबनला आतून बटर पेपर लावला आणि या खेपेला दोरा केकभोवतीच फिरवून माप घेतलं. दुहेरी चिकटपट्टी क्रीमला धरत नाही. ती रिबनवरच रिबन चिकटवायला लावायची. पण माझ्या बोटांना इतकं लोणी लागलेलं, की पट्टी तिथेही धरेना. पाचव्यांदा कशीबशी बसली.

संध्याकाळी नवरा-नवरीने मिळून सुरी धरली, दाबली. केक खचला, सॅटिन कापेना. कापण्याआधी रिबन काढायची असते, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. मी धावलो, जोड शोधला, नखाने ओढला.

चिकटपट्टी आता काही केल्या सुटेना.