दहा अंशांनी काय बिघडते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सुपरहीटरच्या, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, ट्यूबांवरील माझा लेख वाचून आपण खापरखेड्याहून लिहिले आहे की, ५४० अंशांवरही टी-२२ या ट्यूबांच्या मिश्रपोलादाची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणापुढे धातूचा आकार कायमचा बदलतो ती मर्यादा) प्रत्यक्ष ताणाच्या तिपटीहून अधिक असते, पोलाद वितळते १५०० अंशांच्या आसपास, तेव्हा ट्यूब दहा-वीस अंशांनी जास्त तापण्याची मी दाखवलेली भीती अवाजवी आहे.

आपला आकडा बरोबर आहे. ५१ मिमी बाह्य व्यासाची आणि ८ मिमी जाडीची ट्यूब १५० बार दाबाखाली असेल, तर तिच्या भिंतीत परिघाच्या दिशेने साधारण ४० मेगापास्कल ताण येतो आणि हे पोलाद तो सहज पेलते. पण यील्ड स्ट्रेंग्थ ठरते ती काही मिनिटांत आटोपणाऱ्या चाचणीत, आणि ट्यूबला तोच ताण लाखभर तास सोसायचा असतो. केल्व्हिनमध्ये मोजलेल्या वितळणबिंदूच्या सुमारे ०.४ पट, म्हणजे पोलादासाठी ४३५ अंश सेल्सियसच्या आगेमागे, धातू स्थिर ताणाखालीही हळूहळू लांबत राहतो. हाच क्रीप. पोलादाला बळ देणारे कार्बाइडचे (कार्बन व धातूंच्या संयुगांचे) बारीक कण त्या काळात जाड होत जातात, धातूच्या स्फटिककणांमधील सीमांवर सूक्ष्म पोकळ्या धरतात आणि त्या जुळून भेग पडते.

लार्सन आणि मिलर यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार ताण तोच असेल तर केल्व्हिनमधील तापमान आणि (२० + आयुष्याच्या तासांचा १० या पायाचा लॉग) यांचा गुणाकार बदलत नाही. ५४० अंशांवर १ लाख तास टिकणाऱ्या ट्यूबसाठी तो ८१३ × २५, म्हणजे २०,३२५ येतो. हाच आकडा कायम ठेवला, तर ५५० अंशांवर आयुष्य सुमारे ५०,००० तास उरते आणि ५६० अंशांवर २५,०००. माझी काळजी या गणितातून आली आहे.



आपला दुसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. मी वाफेचे तापमान दिले, धातूचे दिले नाही, आणि ती चूक लहान नव्हती, कारण ट्यूबच्या आतून चढणारा मॅग्नेटाइटचा (लोहाच्या ऑक्साइडचा) थर उष्णता पोलादापेक्षा फारच कमी वाहून नेतो, त्यामुळे वाफ ५४० वरच असली तरी धातू वर्षागणिक अधिक तापत जातो. म्हणून पुढच्या शटडाउनमध्ये ट्यूबचा तुकडा कापून घेतलात, तर टेन्साइल (ताणून पाहण्याच्या) चाचणीआधी आतल्या थराची जाडी मोजावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.